नवीन धरण भरताना आधी वीज की आधी साठा?

सिव्हिलवाली_मुलुंड:

नमस्कार मंडळी, शेवटच्या वर्षाच्या सेमिनारला हा विषय घेतलाय आणि आता त्यातच अडकलेय म्हणून विचारतेय. इथिओपियाने निळ्या नाईलवर बांधलेल्या ग्रँड रेनेसान्स धरणाचं सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, ५,१५० मेगावॅट, आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र. साठा ७४ अब्ज घनमीटर. आकडा डोक्यात बसेना म्हणून टीएमसी (अब्ज घनफूट) काढले तर २,६०० च्या वर गेले, म्हणजे साधारण २५ कोयना, आणि आपल्या मुंबईचे सातही तलाव काठोकाठ भरले तरी मिळून ५१ टीएमसीच होतात!

आता माझा प्रश्न. पाणी अडवायला सुरुवात झाली जुलै २०२० ला आणि पहिलं टर्बाइन फिरलं फेब्रुवारी २०२२ ला. तेव्हा धरण पूर्ण भरायला अजून बरेच पावसाळे बाकी होते, मग मध्येच वीज का सुरू केली? टर्बाइनमधून सोडलेलं पाणी म्हणजे साठ्यात न आलेलं पाणी ना? आमच्या ग्रुपमधल्या मुलांचं म्हणणं आधी धरण भरू द्यायचं आणि मग पूर्ण ताकदीने वीज काढायची, उगाच अर्ध्या उंचीवरून पाणी वाया कशाला घालवायचं. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये तेही नीट सांगता येत नाहीये. हे नक्की ठरवतात कसं? आणि आपल्याकडे कधी असा प्रश्न आलाय का?

पाटबंधारे_काका_ठाणे:

प्रश्न चांगला आहे आणि तुमच्या ग्रुपचं म्हणणं अगदीच चूक नाहीये, फक्त अर्धं आहे. त्यांची बाजू आधी बघू.

एक घनमीटर पाणी १०० मीटर उंचीवरून टर्बाइनवर घेतलं आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली तर पाव युनिटच्या जरा आत वीज मिळते. उंची निम्मी तर वीज निम्मी, सरळ हिशोब. म्हणजे ६० मीटर हेडवर (हेड म्हणजे पाणी जेवढ्या उंचीवरून टर्बाइनवर येतं ती उंची) एक अब्ज घनमीटर पाणी सोडलं तर साधारण १४.७ कोटी युनिट, तेच पाणी थांबवून १३० मीटर हेडवर सोडलं तर ३२ कोटीच्या आसपास. शिवाय आज अडवलेलं पाणी पातळी वर उचलतं, त्यामुळे उद्या येणाऱ्या प्रत्येक थेंबालाही जास्त हेड मिळतं. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसात साठवण्याचा फायदा खरोखरच मोठा असतो आणि दरी खाली अरुंद असते म्हणून पातळीही भराभर चढते, पहिल्या थोड्या पाण्यातच बरीच उंची मिळून जाते. वर गेलं की दरी रुंद होते, मग तेवढ्याच पाण्याने पातळी जेमतेम हलते आणि तिथे थांबून राहण्यात पहिल्याइतकी कमाई उरत नाही. म्हणून आधी साठा की आधी वीज याचं उत्तर भरण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळं येतं, सेमिनारमध्ये पातळी-क्षमता वक्र (कुठल्या पातळीला किती साठा होतो त्याचा आलेख) काढून दाखवाल तर हे एका आकृतीत कळेल.

आता दुसरी बाजू. एका ठराविक पातळीच्या खाली टर्बाइन चालवताच येत नाही, तोंडाशी भोवरा होऊन हवा आत जाते, यंत्र थरथरतं, पात्यांना कॅव्हिटेशनने (पाण्यातले बुडबुडे फुटून) खड्डे पडतात. तुमच्या इथिओपियाच्या धरणात ७४ पैकी १४.८ अब्ज घनमीटर हा मृत साठाच आहे, म्हणजे टर्बाइनला न घेता येणारं तळाचं पाणी. तिथे त्यांनी १३ पैकी दोन यंत्रांची तोंडं मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवली, कमी पाण्यावर लवकर सुरू करता यावीत म्हणून, प्रत्येकी ३७५ मेगावॅटची. फेब्रुवारी २०२२ ला जे फिरलं ते त्यातलंच एक. म्हणजे मध्येच वीज काढायची हे डिझाइनच्या टेबलावरच ठरलेलं होतं.

आणि तिसरी गोष्ट, जी माझ्या मते या दोन्हीच्या आधी येते. धरण पहिल्यांदा भरणं हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ. पाया, भराव, काठचे डोंगर, सगळ्यांवर पाण्याचा दाब पहिल्यांदाच येत असतो. पानशेत आठवा, १२ जुलै १९६१. मातीचं धरण, पहिलाच पावसाळा, काम पुरतं झालेलं नाही आणि पाणी चढत गेलं. विमोचक नळाचं, म्हणजे धरणातलं पाणी बाहेर सोडायच्या वाटेचं, काम अपुरं होतं त्यामुळे पाणी हवं तसं बाहेर काढता येईना, भराव खचला, पानशेत गेलं आणि पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, पुणं बुडालं. अमेरिकेत आयडाहोमध्ये टेटन धरण ५ जून १९७६ ला असंच पहिल्या भरतीत गेलं, तिथेही मुख्य विमोचकाचं काम संपलेलं नव्हतं आणि पातळी ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त चढू दिली होती. दोन्हीकडे पाणी आत येत होतं आणि बाहेर काढायची वाट तयार नव्हती. म्हणून पहिली भरती टप्प्याटप्प्याने करायची, एका पातळीला थांबायचं, पाझर किती येतोय, पिझोमीटर (धरणाच्या आतला पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं) काय दाखवतायत ते बघायचं आणि मगच पुढे. टर्बाइनला सुरक्षेची वाट समजू नका हे जरूर लिहा, कारण ग्रिड ट्रिप झालं, म्हणजे वीजजाळं अचानक बंद पडलं, की टर्बाइन बंद पडतं आणि नेमकं पावसातच ते व्हायची शक्यता जास्त.

बीकेसी_ते_बदलापूर:

पैशाची बाजू कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. धरण बांधायला दहा-बारा वर्षं पैसा जातच असतो, येत काही नसतो. कर्ज असेल तर व्याज चढतं. इथिओपियाने तर बहुतांश पैसा देशातूनच उभा केला, सरकारी तिजोरी, लोकांनी घेतलेले रोखे, नोकरदारांच्या पगारातून दिलेली वर्गणी. ज्यांनी पगारातले पैसे दिले आणि ज्यांच्या घरात अजून दिवा नाही त्यांना आणखी चार वर्षं थांबा, हेड वाढू द्या, असं सांगणार कसं? आज मिळणारं युनिट आणि पाच वर्षांनी मिळणारं युनिट यांची किंमत सारखी नसते, डिस्काउंट रेट (पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) लावून बघ, काकांच्या १४.७ आणि ३२ मधलं अंतर बरंच कमी होतं.

मूळचा_कराडचा:

ताई, आपल्याकडे कधी आलाय का असं विचारलंत म्हणून लिहितोय. आपल्याकडे हा प्रश्न धरण भरून साठ वर्षं झाली तरी दरवर्षी येतो!

कोयना घ्या. साठा १०५.२५ टीएमसी. वीज तयार करायला पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे नेतात, जवळजवळ पाचशे मीटरची उडी, त्यामुळे एक टीएमसी पाण्यातून तीन-साडेतीन कोटी युनिट मिळतात. तेच एक टीएमसी पूर्वेला, म्हणजे नदीच्या स्वतःच्या वाटेने पायथा वीजगृहातून सोडलं तर चाळीस-पन्नास लाख युनिट. आठपट-सातपट फरक आहे हा. वीजवाल्याला विचाराल तर तो पश्चिमच म्हणणार. पण पश्चिमेला गेलेलं पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठी नदीला आणि तिथून समुद्राला, ते परत कृष्णेत येत नाही. आमच्या कराडला, पुढे सांगलीला, ताकारी, टेंभू उपसा सिंचन योजनांच्या शेतकऱ्याला ते दिसतसुद्धा नाही. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी एवढीच मर्यादा पश्चिमेच्या पाण्याला घालून दिली. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी मार्चपासून पेपरात हेच, विजेचा कोटा किती उरला आणि सिंचनाला किती ठेवलं.

आणि मुंबईत बसून हे आपल्याला लांबचं वाटतं पण मुंबईची पहिली मोठी वीज याच पद्धतीने आली. खोपोलीचं वीजगृह १९१५, भिवपुरी, मग भिरा. लोणावळा, ठोकरवाडी, मुळशी, ही सगळी भीमेच्या खोऱ्यातली पाणी घाटाखाली वळवून. मुळशीसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो १९२० च्या दशकात. शंभर वर्षं झाली, पुण्याकडचे लोक दुष्काळात अजून विचारतात की हे पाणी भीमेला का नाही.

म्हणून मला वाटतं तुम्ही सेमिनारमध्ये सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा. टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी पुढे कुठे जातं? ज्याला गरज आहे त्याच्याच नदीत गेलं तर वीज आणि पाणी यांच्यात भांडण फारसं नाही. दुसऱ्या खोऱ्यात किंवा समुद्रात गेलं तर प्रत्येक युनिट कोणाच्या तरी शेतातून आलेलं असतं.

सिव्हिलवाली_मुलुंड:

काका, दादा, खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. कराडच्या दादांचा प्रश्न मी तसाच पहिल्या स्लाइडवर टाकणार आहे. पण मग नाईलमध्ये तर पाणी त्याच नदीत जातं, सुदान आणि इजिप्तकडेच, तरीही एवढा मोठा वाद का झाला? इथिओपियाने वीज काढायला पाणी सोडलं तर इजिप्तला ते मिळणारच ना?

नाईलवर_वाचणारा_दादर:

मिळणारच, आणि म्हणूनच वाद विजेचा कमी आणि भरण्याच्या वर्षांचा जास्त होता.

निळ्या नाईलचा सरासरी वार्षिक प्रवाह सुमारे ४९ अब्ज घनमीटर, आणि तोही आपल्यासारखाच जुलै ते सप्टेंबरच्या पावसात एकवटलेला. ७४ चं भांडं ४९ च्या नदीवर. सगळं पाणी अडवलं तर दीड वर्षात भरेल पण खाली दीड वर्ष काहीच जाणार नाही, ते शक्यच नाही. म्हणून प्रश्न असा की दर पावसाळ्यात किती ठेवायचं आणि किती सोडायचं. इथिओपिया ४ ते ७ वर्षं म्हणत होता, इजिप्तला यापेक्षा बरंच सावकाश हवं होतं. त्यात जुनी जखम अशी की १९५९ च्या कराराने इजिप्त आणि सुदानने ८४ अब्ज घनमीटर आपसात वाटून घेतले, ५५.५ इजिप्त, १८.५ सुदान, उरलेले १० इजिप्तच्या अस्वान धरणावरच्या बाष्पीभवनाला. आणि ज्या डोंगरातून नाईलचं बहुतेक पाणी येतं तो इथिओपिया त्या करारात नव्हताच. इजिप्तची भीती मला खोटी वाटत नाही, जवळपास सगळा देश एका नदीवर जगतो. पण इथिओपियाला पाणी साठवायचा हक्कच नाही असंही कोणी म्हणू शकत नाही.

प्रत्यक्षात त्यांनी भरणं कसं आवरलं हे मला सगळ्यात आवडलं, तू हे नक्की घे. धरण रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचं आहे, मधला भाग दोन्ही बाजूंपेक्षा मुद्दाम खाली ठेवला होता. दर पावसाळ्याआधी तो मधला भाग थोडा उंच करायचा, पावसात तलाव तेवढ्या उंचीपर्यंत भरायचा आणि मग उरलेला सगळा पूर मधल्या भागावरून आपोआप खाली. २०२० च्या पहिल्या वर्षी असे ४.९ अब्ज घनमीटर अडले, नदीच्या एका वर्षाच्या पाण्याचा दहावा हिस्सा. म्हणजे त्या वर्षी किती पाणी अडवायचं ते काँक्रीटची उंची ठरवत होती. पाच-सहा पावसाळ्यात भरलं ते असं, आणि त्या वर्षांत पाऊसही चांगला झाला हे मोठं नशीब. अस्वानमागचा नासर जलाशय १६२ अब्ज घनमीटरचा, एखाददोन वर्षांची तूट तो पचवू शकतो, त्यामुळे इजिप्तच्या शेतात लगेच हाहाकार झाला नाही.

झळ बसली ती सुदानला. जुलै २०२० मध्ये सुदानच्या सिंचन खात्याने सांगितलं की सीमेवरच्या केंद्रावर प्रवाह दिवसाला ९ कोटी घनमीटरने कमी झाला. सीमेपलीकडे लगेच रोझेरेस धरण, ते इथिओपियाच्या धरणापुढे खूपच लहान, वरून किती येणार हे रोज कळलं नाही तर तिथल्या माणसाने दरवाजे कसे चालवायचे? वाटणीपेक्षाही मला रोजच्या आकड्यांची देवाणघेवाण जास्त निकडीची वाटते. मार्च २०१५ मध्ये खार्तूमला तिन्ही देशांनी तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात सहकार्याने भरण्याची गोष्ट होती, पण भरण्याचे बंधनकारक नियम काही झाले नाहीत.

आता भरल्यावर चित्र बदलतं. पाणी दाबून ठेवलं तर इथिओपियाचीच वीज बुडते, त्यामुळे वर्षभर सारखं पाणी सोडणं त्यांच्याच फायद्याचं. सुदानला तर उन्हाळ्यातही नियमित प्रवाह मिळतो. खरी परीक्षा लागोपाठ दोन-तीन कोरड्या वर्षांनंतर, जेव्हा जलाशय उतरलेला असेल आणि परत भरायचा असेल. २०२० च्या वाटाघाटीत ३७ अब्ज घनमीटरच्या खाली प्रवाह गेला तर ते दुष्काळाचं वर्ष धरायचं अशी चर्चा झाली होती ती याचसाठी.

एक आकडेमोड तू स्वतः करून बघ. ५,१५० मेगावॅट पूर्ण चालवायला १३० मीटर हेडवर सेकंदाला साधारण साडेचार हजार घनमीटर पाणी लागतं. नदीची सरासरी सेकंदाला १,५५०. म्हणजे वर्षभराच्या सरासरीत एक तृतीयांशच यंत्रं चालणार.

नंदुरबारकर_कल्याण:

सगळे नाईल आणि कोयनेवर बोलतायत, सरदार सरोवर कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या राज्याच्या टोकालाच आहे आणि त्यात आपला वाटा आहे.

नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने पाण्यातलं महाराष्ट्राला फक्त पाव दशलक्ष एकर-फूट दिलं, पण विजेतला वाटा २७ टक्के. मध्य प्रदेशला ५७, गुजरातला १६. आता वीजगृहं दोन आहेत ते बघा. नदीकाठचं १,२०० मेगावॅटचं, त्यातून निघालेलं पाणी नदीने भरूचकडे आणि समुद्राला. दुसरं कालव्याच्या तोंडाशी २५० मेगावॅटचं, त्यातलं पाणी कालव्याने गुजरातच्या शेतात आणि नळात. कराडच्या भाऊंनी विचारलं तेच इथे लावा. नदीकाठचं वीजगृह चालवलं तर वीज मुख्यतः मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राची आणि पाणी गुजरातच्या हातातून जातं. बंद ठेवलं तर साठा गुजरातचा आणि वीज कोणाचीच नाही.

२०१७ ला दरवाजे बंद करायची परवानगी मिळाली, त्याआधी पाणी १२१.९२ मीटरपर्यंतच अडत होतं. पुढच्याच उन्हाळ्याआधी, २०१८ ला, पातळी ११०.६४ च्या खाली उतरली आणि मृत साठ्यातलं पाणी बोगद्यातून काढावं लागलं. मग २०१९ ला गुजरातचं म्हणणं की धरण एकदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरून तपासायला हवं, त्यासाठी नदीकाठचं वीजगृह थांबवा. मध्य प्रदेशने विरोध केला, वीज जातेय म्हणून आणि वर निमाडमधली गावं अजून उठलेली नाहीत म्हणून. सप्टेंबर २०१९ ला धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं.

महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि धडगावची ३३ गावं त्या पाण्याखालची आहेत. त्यातल्या मणिबेलीचं नाव तरी मुंबईत ऐकलं असेल. काकांनी धरणाच्या सुरक्षेसाठी टप्पे सांगितले ते बरोबरच आहे, पण माझं म्हणणं आहे की माणसांसाठीही तसेच टप्पे असतात आणि लवादाने ते लिहून ठेवले होते, बुडण्याच्या वर्षभर आधी जमीन आणि घरासाठी जागा मिळाली पाहिजे. पातळी कधी किती चढवायची हे फक्त हेड, पाझर आणि युनिट यावर ठरत नाही. सेमिनारमध्ये भरण्याच्या वेळापत्रकाचा तक्ता दाखवशील तेव्हा प्रत्येक पातळीसमोर त्या पातळीला कोणाचं घर, कोणाचं शेत येतं तो रकाना घाल ही विनंती आहे. मास्तर विचारतील की हे इंजिनिअरिंगमध्ये कुठे येतं, तर सांग की दरवाजे बंद करायची तारीख यावरच अडली होती.

सिव्हिलवाली_मुलुंड:

दादा, रकाना नक्की घालते. आणि मुंबईचं काय? आपले तलावही कधीतरी पहिल्यांदा भरलेच असतील, तिथे विजेचं काय करतात?

पाटबंधारे_काका_ठाणे:

मुंबईच्या तलावांत साठा राजा आहे, वीज त्याच्या मागून चालते. अप्पर वैतरणाचं ६० मेगावॅटचं वीजगृह आहे पण त्यातून निघालेलं पाणी खाली मोडकसागरला येतं आणि तिथून मुंबईला, म्हणजे तेच पाणी आधी वीज देतं आणि मग नळात येतं. भातसाला पायथ्याशी १५ मेगावॅट, पुढे पाणी पिसेच्या बंधाऱ्यावर उचलतात. किती सोडायचं ते पिण्याची गरज ठरवते, त्यात जेवढी वीज होईल तेवढी. सगळ्यात नवा तलाव मध्य वैतरणा, तिथेही धरण पाण्यासाठी झालं आणि वीजप्रकल्पाचं पुढे ठरलं, २० मेगावॅट जलविद्युत आणि ८० मेगावॅट तरंगती सौर असा. दिवसा सौर चालवायची आणि पाणी संध्याकाळच्या मागणीला सोडायचं, साठा कमी असेल त्या वर्षी हे फार उपयोगी.

नंदुरबारच्या भाऊंचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि तो रकाना वेळापत्रकात पहिला ठेवा.

आता सेमिनारसाठी एक सांगतो, एक्सेलमध्ये होईल. दर महिन्याची एक ओळ, आवक, बाष्पीभवन, खाली सोडायचं किमान पाणी, टर्बाइनचं पाणी, सांडव्याचं पाणी, महिनाअखेरचा साठा, त्या साठ्याची पातळी आणि त्यावरून युनिट. मग तीन नियम लावून बघा. एक, दरवर्षी ठराविक साठा अडवायचा. दोन, आवकेचा ठराविक टक्का अडवायचा. तीन, ठराविक पातळी येईपर्यंत सगळं अडवायचं आणि मग सगळं सोडायचं, इथिओपियाने केलं ते तिसऱ्याच्या जवळ जातं. प्रत्येक नियम आधी ओल्या वर्षांवर आणि मग लागोपाठ तीन कोरड्या वर्षांवर चालवा. पहिला नियम कोरड्या वर्षात खालच्या माणसाचा गळा आवळतो, दुसऱ्यात तूट दोघांत वाटली जाते पण भरायला किती वर्षं लागतील ते आधी सांगता येत नाही आणि वीज कधी सुरू होईल तेही सांगता येत नाही. तिसऱ्यात दरवर्षी किती अडणार ते आधीच माहीत असतं, पण कोरड्या वर्षी खालचा त्रास पावसाच्या सुरुवातीलाच होतो, नेमका पेरणीच्या वेळी. किमान सोडायचं पाणी हा रकाना मात्र कुठल्याच नियमात शून्य ठेवू नका. झालं की इथेच टाका, मी बघून देतो.